आई, काय, नाय

मी माझ्या आईला एका सिनेमातल्या रोलसाठी विकलं. हे वाचून कुणाला मी नाटकी वाटेन, तर वाटू दे. रोल लहान होता, सिनेमा त्याहून लहान, आणि सगळं इतकं हसतखेळत झालं की हा सौदा होता हे मला स्वतःलाच बऱ्याच उशिरा कळलं.

सिनेमाचं नाव 'ओरु अरै, आरु पेर'. म्हणजे खोली एक, माणसं सहा. साल १९८२. मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमधली सहा बेकार पोरं, सहा जणांत मिळून एकच धड काळी पँट, आणि सहाही जणांना एकाच दिवशी आलेलं इंटरव्ह्यूचं बोलावणं, एवढीच त्याची गोष्ट. मॅन्शन म्हणजे महाल नव्हे बरं का. एकट्या पुरुषांना खोल्या भाड्याने देणाऱ्या चार मजली खुराड्याला इथे मॅन्शन म्हणतात. दिग्दर्शक वेंकट नावाचा एक दाढीवाला होता. मोठ्या सिनेमांच्या उरलेल्या रिळांचे तुकडे मागून आणून त्याने हा काळापांढरा सिनेमा अकरा दिवसांत उरकला. माइक नारळ पाडायच्या बांबूला बांधलेला असे. डबिंग परवडत नव्हतं म्हणून आवाज जागेवरच टेपवर घेतला. हीरो प्रेमाचं बोलत असताना मागे कावळे ओरडतात आणि मासेवाली भाव सांगते, ते त्यामुळेच.

आम्ही त्याच गल्लीत, मॅन्शनच्या बरोबर समोर पहिल्या मजल्यावर राहायचो. माझे वडील दत्तोपंत रेल्वेत होते. त्यांची मद्रासला बदली झाली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. वाईहून सामान आलं त्याच संध्याकाळी मी गल्लीत उभं राहून वर गॅलरीकडे बघत मोठ्याने हाक मारली, "आई! ए आई!" समोरच्या मॅन्शनच्या खिडक्यांतून हशा फुटला. एकाने नाक दाबलं. दुसऱ्याने दोन बोटं वर करून मला 'जा, पळ' अशी खूण केली. मी वेड्यासारखा आपल्या शर्टाला काही लागलंय का ते बघत राहिलो.

उलगडा सुंदरने केला. सुंदर तंजावरकडचा मराठी, त्या मॅन्शनमध्येच राहायचा. त्याच्या घराण्याने महाराष्ट्र सोडून कित्येक पिढ्या झालेल्या, त्यामुळे त्याची मराठी जुन्या पोथीतली, हेल तमिळ, आणि आपल्या 'रे'च्या जागी तमिळ 'डा'. त्याने मला जिन्यात गाठून सांगितलं की तमिळमध्ये 'आय' हा लहान मुलांचा शब्द आहे. पोर 'आय' म्हणालं की घरचे त्याला उचलून मोरीकडे पळतात. "आमचे घरीं आंत आई म्हणतों, रस्त्यावर अम्मा. तूंही तसें कर डा. त्यांत काय जातें?" मला मात्र ते फार लागलं. पुढची तीन वर्षं मी गल्लीत आईला हाकच मारली नाही. काही हवं असलं तर जिना चढून वर जायचो.

वेंकटने शूटिंग सुरू केलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि दिवसभर त्यांच्या मागेमागे असायचो. त्याने मला सहा पोरांतल्या एकाचा रोल दिला. नाव 'पूना', वाक्यं दोन. एक दिवस मॅन्शनच्या गच्चीवर सगळे बसले असताना हशा मिळवायला म्हणून मी ती 'आई'ची गोष्ट सांगितली. वेंकट हसता हसता पाण्याच्या टाकीवर बसला. "अजून असलं काही आहे?"

होतं. तमिळमध्ये 'काय' म्हणजे कच्चं फळ, भाजी. आणि 'नाय' म्हणजे कुत्रा.

वेंकटने तिथल्या तिथे सीन रचला. पूनाची आई गावाहून येते. पूना आनंदाने ओरडतो, "आई! आई!" बाकीची पोरं नाक दाबून त्याला बादलीसकट संडासाकडे ढकलतात. आई विचारते, "काय?" एक जण धावत जाऊन पडवळ घेऊन येतो. आई म्हणते, "नाय, नाय!" आणि सगळी गँग कुत्रा आला म्हणून खाटांवर चढते.

"तुझी आई करेल का हे?" वेंकटने विचारलं.

"माझा रोल किती होईल?"

"सिनेमाभर."

"मग करेल," मी म्हणालो.

सुंदर गच्चीच्या कठड्याला टेकून उभा होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "घरचे मनुष्यास असें करूं नये डा." मी त्याला म्हातारा म्हणालो. सगळे हसले.

माझी आई अलकनंदा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. मद्रासमध्ये तिला दिवसाला दहा वाक्यं बोलायला माणूस मिळत नव्हतं. वडील ऑफिसात, मी मॅन्शनमध्ये, आणि तिला तमिळ येत होतं ते शंभरपर्यंतचे आकडे आणि भाज्यांची नावं. त्या अकरा दिवसांत सबंध युनिट आमच्या घरी खायला होतं. ती सकाळी पातेलंभर पोहे आणि संध्याकाळी थालीपिठं करायची, आणि दाढीवाल्या वेंकटला हाताने खुणा करकरून अजून वाढायची. इतकी खूश मी तिला त्या गावात तोवर पाहिली नव्हती.

मी तिला फक्त 'काय' समजावून सांगितलं. ते तिला ठाऊकच होतं. बाजारात ती एकदा "काय?" म्हणाली आणि भाजीवालीने तिच्या हातात कच्ची केळी ठेवली होती. "बरी गंमत आहे," ती म्हणाली आणि तयार झाली. 'आई'चं आणि कुत्र्याचं मी बोललोच नाही. एकाच ठिकाणी ती अडली.

"आपण कुठे रे 'नाय' म्हणतो? आपण 'नाही' म्हणतो."

"माइकवर 'ही' नीट येत नाही," मी ठोकून दिलं. "फुस्स असा आवाज येतो."

"असेल बाबा. तुम्हाला त्यातलं कळतं."

तिचा सीन आमच्या गॅलरीत घेतला. ती वर, हातात डबा. खाली गल्लीत कॅमेरा आणि त्याच्या शेजारी मी. तीन वर्षांनी त्या गल्लीत मी पुन्हा गळा काढून हाक मारली. "आई! ए आई!" ती खाली वाकली, "काय?" म्हणाली, "नाय, नाय" म्हणाली, आणि मग कॅमेरा चालू असतानाच माझ्याकडे बघून हसली. "झालं का रे नीट?" वेंकटने तेही ठेवलं. पोरांची नाकं दाबणं, पडवळ, खाटांवर चढणं हे सगळं दुसऱ्या दिवशी मॅन्शनच्या खोलीत घेतलं. सिनेमात असंच असतं, समोरासमोरची माणसं वेगवेगळ्या दिवशी हसतात. समोर काय चाललंय ते तिला कधी दिसलंच नाही.

सिनेमा एका थिएटरात एक आठवडा लागला. पहिल्या खेळाला मी एकटाच गेलो. तिला सांगितलं, आधी मी बघून येतो, मग तुला आणि बाबांना नेतो. आईचा सीन आला आणि थिएटर कोसळलं. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस खुर्चीचा हात बडवत होता. मला तिथेच लाज वाटली असं लिहायला आवडलं असतं. खरं सांगायचं तर मला गगन ठेंगणं झालं होतं.

घरी परतलो तर मॅन्शनच्या खिडक्यांतून पाच-सहा पोरं आमच्या गॅलरीकडे बघून ओरडत होती, "आई! ए आई!" माझ्यासारखाच हेल काढून. आणि माझी आई पदराला हात पुसत गॅलरीत आली आणि त्यांना हात हलवत उभी राहिली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. तीही हसत होती. मी भिंतीच्या आडोशाला थांबलो, पोरं आत जाईपर्यंत.

मी वर गेलो तेव्हा ती दारातच होती. "समोरची मुलं मला आई म्हणायला लागलीत रे! कसा झाला सिनेमा? कधी नेतोस?"

"तुझा सीन कापला, अम्मा," मी म्हणालो.

ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "अम्मा काय?"

"इथे असंच म्हणतात."

"बरं," ती म्हणाली आणि ताट वाढायला गेली.

त्यानंतर मी तिला आई म्हटलं नाही. घरात नाही, बाहेर नाही, फोनवर नाही. सवय लागायला पंधरा दिवस लागले असतील, नंतर जीभच वळेना. मी बँकेत लागलो, लग्न झालं, तांबरमला घर घेतलं, वडील गेले, बायको गेली, मुलगी नोकरीला बंगळूरला गेली. घरात आम्ही दोघं उरलो. शहाऐंशी वर्षांची अम्मा, आणि बासष्ट वर्षांचा मी.

सिनेमाची प्रिंट हरवली होती. त्याचं मला बरंच वाटायचं. वेंकट वारला तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब लावला की आता ओळखीत तो सीन माहीत असलेला सुंदर एकटाच उरला. माणूस इतक्या खालच्या थराला जातो.

गेल्या वर्षी कुणाच्या तरी गोदामात ती प्रिंट सापडली. माझी मुलगी मधुवंती हिने मला फोनवर चाळीस सेकंदांचा एक तुकडा पाठवला. तिच्या ऑफिसात तो सगळ्यांकडे फिरत होता. पाठोपाठ तिचा फोन आला. "बाबा, हा तुम्हीच ना? आणि ती आजी? माय गॉड, इट्स सो फनी!" मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही आजीला आई म्हणायचात?"

"लहानपणी," मी म्हणालो.

"विशीत लहानपण?" ती म्हणाली. मी रेंज नसल्याचं सोंग करून फोन ठेवला.

तो फिरता तुकडा अम्माला दिसू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. तिच्या फोनमध्ये भजनं आणि पाककृतींशिवाय काही येणार नाही असं करून ठेवलं. आणि मग एका सकाळी मी आंघोळीला गेलो असताना माझाच फोन वाजला आणि तिने उचलला. बाहेर आलो तर ती सफाईदार तमिळमध्ये बोलत होती. बेचाळीस वर्षांत तिचं तमिळ माझ्यापेक्षा चांगलं झालंय. भाजीवाल्या, शेजारणी, देवळातल्या बायका, सगळ्या तिच्या मैत्रिणी. पंधरा मिनिटांनी तिने फोन ठेवला.

"कौशिक म्हणून मुलगा आहे. मैलापूरला त्यांचा फिल्म क्लब आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहाला सिनेमा दाखवणार आहेत आणि आपल्या दोघांचा सत्कार करणार आहेत. माझा सीन सगळ्यांना फार आवडतो म्हणे." तिने माझ्याकडे बघितलं. "कापला होता ना रे?"

मी टॉवेलने डोकं पुसत होतो, ते पुसतच राहिलो. "सापडला असेल कुठेतरी. कापलेलं कधीकधी परत जोडतात."

"असं होय," ती म्हणाली.

ती संधी होती. मला दिलेली. हे मला पुढच्या रविवारी कळलं, तेव्हा कळलं असतं तर माणसात जमा झालो असतो.

त्या आठवड्यात मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे माझी लायकी कळेल. कौशिकला फोन करून म्हणालो, तो सीन गाळता येईल का, माझ्या आईला आवाजाचा त्रास होतो. तो बिचारा गडबडला. "अंकल, लोक त्या सीनसाठीच येतायत." मग मी अम्माला म्हणालो, तुझे गुडघे दुखतात, मैलापूर लांब आहे, आपण नको जायला. ती म्हणाली, टॅक्सी कर. शेवटी मी सुंदरला फोन केला. तो आता मैलापूरलाच राहतो, रिटायर झालाय, देवळाच्या तळ्याभोवती रोज सकाळी पाच चकरा मारतो. मी म्हणालो, तू तिला समजावून सांग, तुझं ती ऐकते.

"मी काय सांगूं? मी तेव्हांच सांगितलों होतों," सुंदर म्हणाला. "तुझी आई. तूंच सांग डा. लाज वाटते तर लाज वाटून घे, पण सांग."

मी रोज ठरवायचो. सकाळी कॉफीच्या वेळी सांगू. कॉफी झाली की जेवताना. जेवणं झाली की ती झोपायची. शनिवारी मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलोसुद्धा. तिने कपाटातून मोरपंखी साडी काढली होती आणि तिला इस्त्री करून आणायला सांगत होती. मी साडी घेऊन खाली गेलो. इस्त्रीवाल्यापाशी अर्धा तास उगाच उभा राहिलो, दोन मिनिटांच्या कामाला.

टॅक्सीत मी एकदा तोंड उघडलं. "अम्मा, तो सीन जरा..."

"काच वर कर," ती म्हणाली. "वारा लागतोय कानाला."

तिच्या कानात यंत्र आहे, वाऱ्याने ते घूं घूं करतं. मी काच वर केली. नंतर गिंडीपर्यंत आणि पुढे मैलापूरपर्यंत मी बाहेरच्या पाट्या वाचत बसलो.

तो एका संगीतसभेचा छोटा हॉल होता. दीडेकशे माणसं असतील, बरीचशी पंचविशीतली. कौशिकने आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. सुंदर आधीच येऊन बसला होता. तो उठून अम्माच्या पाया पडला, मला मात्र त्याने फक्त मान हलवली. दिवे गेले. सिनेमा सुरू झाला आणि पोरं पहिल्या मिनिटापासून हसायला लागली. काळ्या पँटवर, बांबूच्या सावलीवर, मागच्या मासेवालीवर. सिनेमा वाईट नव्हता हो. वेंकटमध्ये काहीतरी होतं. मी मात्र तोंड आवळून दाढदुखीच्या पेशंटसारखा बसलो होतो.

मग गल्ली दिसली, गॅलरी दिसली, आणि हॉलमध्ये कुणीतरी शिट्टी मारली.

मी पडद्याकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं. ती खुर्चीत पुढे सरकली होती. कानातल्या यंत्रावर तिने तळहात धरला होता. पडद्यावरून माझा विशीतला आवाज आला, "आई! ए आई!" आणि तिने डोळे मिटले. हॉल हसत होता. नाकं दाबली गेली, पडवळ आलं, कुत्र्याच्या भीतीने पोरं खाटांवर चढली, मागच्या रांगेत कुणाला तरी हसून ठसका लागला. ती डोळे मिटून होती. "झालं का रे नीट?" पडद्यावरच्या आईने विचारलं, तेव्हा तिने डोळे उघडले. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला खुर्चीसकट गिळावं.

सिनेमा संपल्यावर कौशिकने तिला स्टेजवर नेलं. शाल घातली, हार घातला. मला तिच्या शेजारी उभं केलं. पोरं खालून ओरडत होती, "पाटी, डायलॉग! नाय डायलॉग!" पाटी म्हणजे आजी. कौशिकने माइक तिच्या तोंडापाशी धरला. तिने तो हातात घेतला.

ती तमिळमध्ये बोलली. मी तिचं मराठी करून लिहितो.

"आमच्या घरात 'नाय' म्हणत नाहीत. 'नाही' म्हणतात. तेव्हाही मी ह्याला सांगितलं होतं. हा म्हणाला, 'ही' माइकवर येत नाही." तिने माइक ओठांशी नेला. "नाही. आलं की नाही ऐकू?"

पोरं हसली, पण थोडी कमी.

"आई म्हणजे तुमच्याकडे काय ते मला सिनेमा लागला त्याच आठवड्यात कळलं. माझ्या भाजीवालीने सिनेमा बघितला होता. तिने मला बाजूला घेऊन खुणा करून सांगितलं, आणि ती बिचारी रडली. घरी मला सांगितलं होतं की माझा सीन कापला." ती माझ्याकडे बघत नव्हती. "समोरची मुलं पुढे वर्षभर मला हाका मारायची. आई, ए आई. मी गॅलरीत जायची. माझी सगळी कामं टाकून जायची. ह्याच्या बाबांना राग यायचा, म्हणायचे, ती तुझी टिंगल करतात, कशाला जातेस? मी काय करणार? दुसरं कोणी त्या नावाने हाक मारत नव्हतं."

हॉलमध्ये पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. मी हारातली फुलं मोजत होतो.

"सत्काराबद्दल तुमची आभारी आहे," ती म्हणाली. "पण मी त्यासाठी नाही आले. ह्याची ती हाक फक्त ह्या सिनेमात आहे. ती ऐकायला आले." मग तिने माइक कौशिकच्या हातात परत दिला.

कौशिक चांगला मुलगा आहे, त्याला काय करावं सुचलं नसेल. त्याने माइक माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाला, "अंकल, एकदा बोलवा ना त्यांना." दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती. पहिल्या रांगेत सुंदर हात जोडावेत तसे गुडघ्यात धरून बसला होता. तिसऱ्या रांगेत एका बाईच्या मांडीवर तीन-चार वर्षांची पोर होती. मला दिसलं, ती पोर हसणार. मी 'आई' म्हटलं की ती नाक दाबून हसणार, आणि मग दुसरं कुणीतरी हसणार. शपथेवर सांगतो, बासष्टाव्या वर्षी, आईने एवढं सांगितल्यावर, माझ्या डोक्यात हाच विचार आला.

"अम्मा," मी माइकमध्ये म्हणालो.

"हं," ती म्हणाली. "चल. पायरीवर हात दे मला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, देव जाणे. सुंदर दारापर्यंत आला, तिला टॅक्सीत बसवलं, तिच्या पायाशी साडीचा काठ दारात अडकू नये म्हणून नीट सारला. माझ्याशी बोलला नाही.

गाडी तळ्याला वळसा घालून बाहेर पडली तेव्हा ती म्हणाली, "मधूने तुला पाठवलंय ना ते? फोनवर असतं म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"मधूनेच. दाखव मला."

मी फोन काढून तो तुकडा लावला आणि तिच्या पुढ्यात धरला. तिने फोन घेतला. डोळ्यांसमोर धरला नाही, कानाला लावला, कुणाचा फोन आल्यासारखा. "आई! ए आई!" गाडीभर ऐकू आलं. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि त्याच्या गालावर हसू आलं. तुकडा संपला. तिने फोन माझ्याकडे केला, मी परत लावून दिला. दुसऱ्यांदा तिने फोनवरच्या हाकेला "ओ" दिली. अगदी हळू, स्वतःशीच.

तिसऱ्या वेळी ती स्वतःच फोनच्या काचेवर बोट फिरवून बटण शोधायला लागली. तिची बोटं संधिवाताने वाकली आहेत, तिला ते सापडेना. मला ते बघवेना. मी तिचं मनगट धरलं.

"आई," मी म्हणालो.

आवाज घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा निघाला. पुढे ड्रायव्हर फुस्सकन हसला आणि त्याने खोकल्यासारखं केलं. माझे कान तापले.

तिने माझ्याकडे वळून बघितलं. "काय?"

"काही नाही."

"मग थांब जरा," ती म्हणाली. "ऐकू दे." आणि तिने फोन परत कानाला लावला.